एम.एस्सी. गणित आणि सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झाल्यावर महाविद्यालयात नीट शिकवता यावे म्हणून बी.एड. करावे का?

आपण लिहिले आहे की धुळे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात आपण तासिका तत्त्वावर गणित शिकवू लागणार आहात, अध्यापनाचे प्रशिक्षण झालेले नाही, आणि त्यासाठी बी.एड. करावे का असा प्रश्न आहे. केवळ त्यासाठी करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी २६ वर्षे बी.एस्सी.च्या वर्गांना गणित शिकवले, आणि हे मत ज्या प्रसंगातून बनले तो मला आजही बोचतो.

माझा एक विद्यार्थी बी.एस्सी.ला विशेष प्राविण्य मिळवून, पुढे बी.एड. करून सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत शिक्षक झाला. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला आणि चहा समोर तसाच ठेवून म्हणाला, "मॅडम, एका मुलीपुढे मी निरुत्तर झालो." सातवीच्या वर्गात त्या मुलीने विचारले होते, "सर, दोन वजा मिळीसन अधिक कसं व्हस?" त्याने शत्रूचा शत्रू तो मित्र, असे सांगून वेळ निभावली. मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मंग बेरीजमा का बरं नही व्हस?" प्रश्न अगदी रास्त होता. दोन शत्रू एकत्र आले की गुणाकारात मित्र होतात आणि बेरजेत शत्रूच राहतात, याचे उत्तर त्या म्हणीत नाही.

मी त्याला त्याची तृतीय वर्षाची रिंग थिअरीची, म्हणजे बेरीज-गुणाकाराच्या मूळ नियमांचा अमूर्त अभ्यास करणाऱ्या विषयाची, वही आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी तो घेऊन आला. तिसऱ्याच पानावर, त्याच्याच सुंदर अक्षरात, नेमके हेच प्रमेय सिद्धतेसह लिहिलेले होते. त्याने ते परीक्षेत पूर्ण गुणांनी लिहिलेही होते, पण ते आपल्या वर्गातल्या प्रश्नाचे उत्तर आहे हे त्याला ओळखू आले नाही. ओळखणार तरी कसे? मीच ते पाच मिनिटांत फळ्यावर उतरवून पुढच्या प्रमेयाकडे वळले होते.

आम्ही दोघांनी मग सातवीतल्या मुलीसाठी ते पुन्हा मांडले. वजा ३ ला शून्याने गुणले तर शून्य यायला हवे. ते शून्य ५ आणि वजा ५ यांची बेरीज म्हणून लिहिले, तर वजा ३ गुणिले ५ म्हणजे वजा १५, आणि त्यात वजा ३ गुणिले वजा ५ मिळवून शून्य झाले पाहिजे. म्हणजे तो गुणाकार १५ असण्यावाचून गत्यंतर नाही. नाहीतर कंस सोडवण्याचा नियमच मोडतो. बेरजेत असे का होत नाही, तेही यातच दिसते, कारण हे बंधन गुणाकाराला बेरजेशी जोडणाऱ्या वितरण नियमातून येते.

हा प्रसंग मी विभागात सांगितला तेव्हा आमचे तत्कालीन विभागप्रमुख म्हणाले की शाळेतले विषय पदवीच्या वर्गात उगाळायला वेळ नाही, ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतेच. बी.एड. महाविद्यालयातील एका प्राध्यापिकेला विचारले, तर त्या म्हणाल्या की आशय तुम्ही शिकवायचा, आम्ही पद्धत शिकवतो. आशययुक्त अध्यापन पद्धती हा विषय त्यांच्याकडे होता, माझ्या विद्यार्थ्याने पाठ टाचणेही ढिगाने काढली होती. पण त्या मुलीचा प्रश्न या दोन्ही दारांतून परत गेला. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या, शिक्षकांसाठीच्या व्याख्यानांत हाच दुहेरी तुटलेपणा दाखवला होता: विद्यापीठात आल्यावर शाळेचे गणित विसरायचे आणि शिक्षक म्हणून शाळेत परतल्यावर विद्यापीठाचे. आपल्याकडे तर चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या ग्रंथांतल्या बीजगणितात दोन ऋणांचा गुणाकार धन असतो हा नियम आहे. ज्या भूमीत हा विषय शिकवण्यासाठी आठशे वर्षांपूर्वी मठ उभारला गेला, तिथे 'शिकवणे आपोआप येते' हे मला मान्य करवत नाही.

पुढच्या वर्षापासून मी प्रत्येक मोठ्या प्रमेयानंतर विचारू लागले की हा शाळेतला कोणता नियम आहे. अपूर्णांकाने भागताना उलटा करून का गुणतात, ९ ने भाग जातो का हे अंकांच्या बेरजेवरून का कळते, १ भागिले ७ केल्यावर नेमके सहाच अंक पुन्हा पुन्हा का येतात, यांची उत्तरे अनुक्रमे व्यस्त (ज्याने गुणले की १ येतो ती संख्या), शेषसमता (भागल्यावर सारखीच बाकी उरणे) आणि १० चा सहावा घात (त्याला ७ ने भागल्यावर बाकी १ उरते) यांत आहेत. मुलांनी ती फळ्यापाशी येऊन मराठीत किंवा अहिराणीत सांगायची. इंग्रजीत सिद्धता घडाघडा लिहिणारी कितीतरी मुले पहिल्या 'का'ला थांबत, आणि ती जिथे थांबत ते मी तासानंतर वहीत दोन ओळींत टिपून ठेवत असे. माझे शिकवणे सुधारले ते त्या नोंदींमुळे. आपणही एवढे कराच. शिवाय चुकलेल्या उत्तरपत्रिका गुण देऊन बाजूला सारू नका, मूल त्या चुकीपर्यंत कसे पोचले ते शोधा.

हेही सांगायला हवे की या पद्धतीने निकाल फारसा वाढला नाही, आणि एका वर्षी माझे शेवटचे प्रकरण घाईत उरकले गेले; त्याबाबत विभागप्रमुखांची तक्रार योग्य होती. तसेच तासिका तत्त्वाच्या नेमणुकीचा भरवसा नसतो. उद्या माध्यमिक शाळेत जाण्याची वाट मोकळी ठेवायची असेल, तर तिथे बी.एड. लागतेच, त्या कारणासाठी अवश्य करा. मात्र रिंग थिअरी आपल्या वाट्याला आली, तर व्याख्या लिहिण्याआधी त्या मुलीचा दुसरा प्रश्न वर्गापुढे ठेवा आणि एखाद्या मुलाकडून उत्तर येईपर्यंत खडू हातात घेऊ नका.