देवाने वाचवलं ना, मग आता कशाला रडतेस?

“मॅडम, पोरगं वाचलं, पूजा झाली, गावजेवण झालं, तरी मला रात्री पाण्याचा आवाज येतो. माझी श्रद्धाच कमी पडतीये का हो?”

मी समुपदेशक आहे, आणि बुडता बुडता वाचलेल्या मुलांच्या खूप आया मला हा प्रश्न थोड्याफार फरकाने विचारतात. कोणाचं मूल विहिरीवरून वाचलेलं असतं, कोणाचं बाथरूममधल्या बादलीतून. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

नाशिककडचं द्राक्षवाल्यांचं कुटुंब. आण्णा म्हणजे आजोबा माळकरी, पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला दरवर्षी पायी जाणारे. आजी, मुलगा, सून, आठ वर्षांची ताई आणि तीन वर्षांचा छोटू. काढणी चालू होती, आई मजुरांच्या चहाचं बघत होती, ती ताईला म्हणाली जरा याच्याकडे लक्ष दे गं. शेततळं घरापासून शंभर पावलांवर. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीये, आतून सगळा प्लास्टिकचा कागद, उतार असा की ओला झाला की मोठा माणूस पण चढून वर येऊ शकत नाही. छोटूची चप्पल घसरत पाण्यात गेली आणि तिच्यामागे तो गेला.

बापाने उडी टाकली, बायकांनी ठिबकची नळी फेकली, तिला धरून दोघं कसेबसे वर आले. पोर निळं पडलेलं. कोणीतरी त्याला उलटं धरून गरगर फिरवायला निघालेलं, पण शेजारच्या मळ्यातल्या एका पोराने कंपनीत फर्स्ट एडचं ट्रेनिंग घेतलेलं होतं, त्याने हिसकावूनच घेतलं, आडवं झोपवलं आणि तोंडाने श्वास द्यायला लागला. (हे लक्षात ठेवा प्लीज. उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही, बुडालेल्याला आधी श्वास लागतो, मेंदूला चार-पाच मिनिटंच मिळतात.) छोटूने उलटी केली, रडला. पुढे पिकअपमधून दवाखाना, ऑक्सिजन, दोन रात्री देखरेख, आणि पोर ठणठणीत घरी.

घरी आल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच, देवीने वाचवलं. वणीची सप्तशृंगी त्यांची कुलदेवी. मला त्यात काही खटकत नाही, मी पण देव मानते. पण त्या वाक्याने झालं काय, तर घरात कोणी त्या दिवसाबद्दल बोलायचंच बंद झालं. आई रडायला लागली की आजी म्हणणार, देवीने पदर पसरून दिलंय ना परत, मग रडून अपशकुन कशाला करतेस? बिचारी मोरीत नळ सोडून रडायची, आणि नळाच्या आवाजानेच परत घाबरायची.

माझ्याकडे आली तेव्हा वैशाख चालू होता, म्हणजे अडीच महिने उलटलेले. पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं हे होणारच, ते आजारपण नाही. पण महिना उलटून गेल्यावर पण तेच चित्र रोज डोळ्यासमोर येत असेल, आंघोळ घालताना हात थरथरत असतील तर मदत घ्यायची, त्याचा श्रद्धेशी काही संबंध नाही. पाय मोडला तर आपण देवळात पण जातो आणि प्लास्टर पण घालतो की.

तिला सगळ्यात जास्त खात होती ती एकच गोष्ट. “मी इतक्या जवळ होते, मला त्याची हाक कशी आली नाही?” मी तिला सांगितलं, हाक नव्हतीच. बुडणारं लेकरू ओरडत नाही, सिनेमात दाखवतात तसे हात पण हलवत नाही, तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्यात श्वास घ्यायचीच मारामार असते, ओरडायला हवा कुठून येणार? ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे त्याने मला हाक मारली आणि मी गेले नाही, असं नाही झालं.” अडीच महिने ती हे घेऊन झोपत होती.

आता माझी चूक सांगते. आजी म्हणत होत्या की शेततळं खोदलं तेव्हा साती आसरांची, म्हणजे पाण्याच्या सात देवींची, ओटी नीट भरली नाही, म्हणून झालं. मला वाटलं झालं, सुनेवर खापर फोडायची तयारी, आणि मी मनातल्या मनात आजींना व्हिलन करून टाकलं. तिसऱ्या वेळी त्या स्वतः आल्या. गुडघे धरत बसल्या आणि म्हणाल्या, “जुन्या विहिरीवर शेंदराचे सात दगड आहेत, दर नवरात्रात मी जाते, औंदा गुडघ्यामुळे गेले नाही. कोणाला सांगितलं नाही मी.” म्हणजे त्या सुनेला नाही, स्वतःला शिक्षा करत होत्या. इतकी वर्षं काम करून पण माणूस असा घाई करतो!

छोटूचं म्हणाल तर तो सगळ्यात बरा होता. बादलीत खेळण्यातला ट्रॅक्टर टाकायचा, “बुडाला बुडाला” ओरडायचा, परत काढायचा, दिवसातून वीस वेळा. आजी हात ओढायच्या, अभद्र खेळ म्हणून. मी म्हटलं खेळू द्या, लहान मुलं तोंडाने सांगू शकत नाहीत ते खेळून सांगतात, फक्त कोणीतरी शेजारी बसा आणि शेवटी म्हणा, “काढला बरं का बाबांनी!”

आणि ताई. तिच्याबद्दल मला कोणीच काही विचारलं नव्हतं, शहाणी आहे, काही त्रास नाही म्हणे. मला असं शहाणं झालेलं मूल दिसलं की जरा धडकीच भरते. एका वेळी आईबरोबर आली होती, आई बाहेर बसली. मी बिस्किटाचा पुडा पुढे केला. तिने मान हलवली.

“आवडत नाही का?”

“आवडतं. चालत नाही.”

“डॉक्टरांनी सांगितलंय?”

“नाही. देवीला दिलंय.”

पिकअपमध्ये मागे बसल्या बसल्या तिने नवस बोललेला, छोटू उठला तर मी गोड कध्धीच खाणार नाही. तो उठला. तेव्हापासून साखर नाही, गूळ नाही, घरात रोज आमरस होतोय तो पण नाही, आणि घरच्यांना वाटतंय उन्हाने पोरीची भूक मेली. मी विचारलं, खाल्लं तर काय होईल? ती पुड्यावरच्या चित्राकडे बघत म्हणाली, “तो परत पडेल. मागच्या वेळी पण माझ्यामुळेच पडला, मी बोरं वेचत होते.”

आता मी तिला म्हणू शकले असते की देव असलं काही मागत नाही बाळा. पण मी कोण सांगणारी? तिने सौदा देवीशी केलेला, तो समुपदेशकाच्या शब्दाने थोडीच मोडणार होता. बोरांचं मात्र मी बोलले, की तीन वर्षांच्या पोराची राखण हे आठ वर्षांच्या मुलीचं काम नाही, ते मोठ्यांचं होतं. मग विचारलं, घरात कोणाला सांगू? आईला नको म्हणाली, रडेल. आण्णांना चालेल.

आण्णांना फोनवर सांगितलं तर पलीकडून आवाजच येईना. दुसऱ्या दिवशी हजर, टोपी हातात. म्हणाले, “लेकराने बोललेला नवस घरातल्या कर्त्याच्या नावावर चढतो. फेडायचा मी.” हा नियम कुठल्या पोथीत आहे मला माहीत नाही, आण्णांना पण नसावा. ताईला घेऊन ते गडावर गेले, रोपवे असताना सगळ्या पायऱ्या चढून, तिच्या हाताने ओटी भरवली आणि देवीसमोर मोठ्याने म्हणाले, आई, नातीचं गोड सोडव, वर्षभर मी सोडतो. शुगरमुळे डॉक्टर तसे पण त्यांच्या मागे लागलेलेच होते.

त्या रात्री म्हणे पहिल्यांदा सगळे एकत्र बसून त्या दिवसाबद्दल बोलले. शेततळ्याला आता तारेचं कंपाउंड आहे, कुलूप आहे, आत चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेल्या ट्यूबा सोडल्यात. छोटूचे बाबा मात्र अजून देवळात जात नाहीत, बाहेर गाडीतच बसतात. मी सांगितलंय, ओढू नका त्यांना. आईची झोप बरीच सुधारलीये, मधेच एखादी रात्र जाते तशीच.

मृगाच्या आसपास ताईचा फोन आला, आईच्या मोबाईलवरून. “मॅडम, आज शेवटचे आंबे होते. मी दोन वाट्या रस खाल्ला.”

“अरे वा! मग?”

“मग आत जाऊन बघून आले. झोपलाय तो.”