मामाच्या काट्यावरचा अनुभव

"सर, अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. मग दोन वर्षांचा अनुभव दाखवून घेतला तर काय बिघडतं?" जळगावातील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न वर्षातून अनेकदा विचारला जातो. विचारणारी मुले धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतून येतात. त्यांच्याजवळ संगणकाची पदवी असते, पुण्यात सहा महिने राहून केलेला वेब डेव्हलपमेंटचा क्लास असतो आणि परत गावी आल्यावर शेजारपाजारचे रोज विचारतात तो "लागला का कुठे?" हा प्रश्न असतो. त्यांपैकी एकाची हकीकत त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगतो. त्याचे नाव देता येत नाही. पुढे कळेल त्या कारणाने मी त्याला भाचा असे म्हणेन.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो वडिलांना घेऊन आला, किंवा वडील त्याला घेऊन आले असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल, कारण पहिली वीस मिनिटे बापूच बोलत होते. पारोळा तालुक्यात त्यांची पाच एकर कोरडवाहू जमीन आहे. मुलगा २०२२ साली बीएस्सी झाला, पुण्यात क्लास केला, दीडशेच्या आसपास ठिकाणी अर्ज केले आणि एक मुलाखत आणि दोन-तीन ठिकाणांहून आलेली ठरावीक नकारपत्रे यांखेरीज काहीही आले नाही. आता पुण्यातील एका मध्यस्थाने दोन वर्षांच्या अनुभवाचे प्रमाणपत्र, पगाराच्या पावत्या आणि फोनवर विचारले तर "होय, आमच्याकडे होता" असे सांगणारा माणूस, असे सर्व मिळून सत्तर हजार रुपये सांगितले होते. "कापसाचे पैसे आलेले आहेत," बापू म्हणाले, "तुम्ही हो म्हणा, मी देऊन टाकतो."

मी त्यांना नीतीचा पाठ दिला नाही, कारण तो त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता आणि म्हणूनच ते मला विचारायला आले होते. मी फक्त यूएएन म्हणजे काय ते समजावून सांगितले. भविष्यनिर्वाह निधीच्या या क्रमांकावर, कोणत्या मालकाकडे कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत वर्गणी जमा झाली याची नोंद राहते, आणि रुजू होण्यापूर्वी किंवा रुजू झाल्यावर काही महिन्यांनी होणाऱ्या पडताळणीत ती पाहिली जाते. त्यामुळे खोटा कागद बहुधा नोकरी लागल्यानंतर, म्हणजे घरात पेढे वाटून झाल्यानंतर उघडा पडतो. बापूंनी एक महिना थांबायचे कबूल केले.

त्या महिन्यात मी जे केले ते आज मला अपुरे वाटते, म्हणून तेही सांगतो.

भाच्याचा रेझ्युमे तीन पानांचा होता. वर पासपोर्ट आकाराचा फोटो, खाली "मेहनती, शिकण्याची आवड असलेला, संघभावनेने काम करणारा वेब डेव्हलपर, आव्हानात्मक पदाच्या शोधात" असे वाक्य, आणि शेवटच्या पानावर वडिलांचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे" ही घोषणा व सहीसाठी रेघ. स्थळासाठी पाठवायच्या परिचयपत्रात आणि या रेझ्युमेत एवढाच फरक होता की रास आणि नाडी लिहिलेली नव्हती. मधल्या पानावर कौशल्यांच्या रंगीत पट्ट्या होत्या: एचटीएमएल ९० टक्के, जावास्क्रिप्ट ८० टक्के. "कशाचे ८० टक्के?" असे विचारल्यावर तो हसला आणि म्हणाला की तो साचा तसाच मिळतो. प्रकल्प तीन होते: कामांची यादी ठेवणारे पान, हवामान दाखवणारे पान आणि चित्रपट दाखवणाऱ्या एका प्रसिद्ध संकेतस्थळाची नक्कल. सरावासाठी या तिन्हींत काहीच वाईट नाही. मात्र अर्ज वाचणाऱ्याने ते शेकड्याने पाहिलेले असतात आणि त्यांतले विद्यार्थ्याने काय केले व व्हिडिओ पाहून काय उतरवले हे त्याला ओळखता येत नाही.

पोर्टफोलिओची, म्हणजे केलेली कामे दाखवणाऱ्या त्याच्या संकेतस्थळाची, स्थिती याहून बिकट होती. मी तो त्याच्यासमोर माझ्या मोबाईलवर उघडला, तेव्हा पाच एमबीचा फोटो उतरेपर्यंत आम्ही दोघे कोऱ्या पडद्याकडे पाहत बसलो. त्याने तो आजवर केवळ स्वतःच्या लॅपटॉपवर पाहिला होता. संपर्काचा फॉर्म भरला तर तो कोठेही पोहोचत नव्हता. तीनपैकी दोन प्रकल्पांचे दुवे हेरोकू या ॲप चालवणाऱ्या सेवेवरचे होते आणि हेरोकूची मोफत सेवा नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झाली होती, म्हणजे दीडशे अर्जांतील बहुतेकांनी, कोणी दुवा दाबला असेल तर, पान सापडत नसल्याचा संदेशच पाहिला असणार.

मी सांगितले आणि त्याने ते सारे दुरुस्त केले. रेझ्युमे एका पानावर आला, फोटो, घोषणा आणि पट्ट्या गेल्या, दोन रकान्यांचा साचा जाऊन एकच रकाना आला. या शेवटच्या बदलाचे कारण साधे आहे. अनेक ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते आणि दोन रकाने असले की पुष्कळदा डाव्या बाजूची ओळ उजवीकडच्या ओळीत मिसळते. पीडीएफमधील सर्व मजकूर उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तेथे जो क्रम दिसेल तोच साधारणपणे त्या सॉफ्टवेअरला दिसतो. भाच्याचा जुना रेझ्युमे तसा चिकटवला तेव्हा त्याच्या फोन क्रमांकाच्या मध्ये "क्रिकेट" हा छंद येऊन बसला होता.

नव्या रेझ्युमेने त्याने तीस अर्ज केले. चार आठवडे गेले, उत्तर नाही. मी रिकामे भांडे घासूनपुसून लख्ख करून दिले होते, एवढेच.

डिसेंबरमध्ये पुढच्या भेटीला तो बसलेला असताना त्याचा फोन वाजला. त्याने कापला; पुन्हा वाजला. मी म्हटले, घे. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता: "भाचा, चिठ्ठी निंघत नही, देख बरं जरा. लोकं उभा शेतस." भाच्याने माझी क्षमा मागितली, पिशवीतून लॅपटॉप काढला, पाच-सात मिनिटे काहीतरी केले आणि म्हणाला, "मामा, आते देखा." चिठ्ठी निघाली.

मामा गावपातळीवर कापूस घेतात. शेतकऱ्याचा माल काट्यावर मोजून पुढे जिनिंगला पाठवतात, आणि बी-खतासाठी शेतकऱ्याने हंगामाआधी घेतलेली उचल त्या वजनाच्या पैशांतून वळती करतात. हा हिशेब पूर्वी वहीत असे आणि दर हंगामात दोन-चार भांडणे त्या वहीवरून होत. दोन वर्षांपूर्वी भाच्याने मामासाठी एक वेब ॲप बनवले. त्यात वजन, ओलाव्याची घट, भाव आणि उचल भरली की बाकी निघते व चिठ्ठीचे चित्र शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर जाते. साधारण साठ शेतकऱ्यांची खाती त्यात होती आणि दुसरा हंगाम चालू होता.

"हे रेझ्युमेत का नाही?"

"ते घरचं आहे सर. प्रोजेक्ट नाही. मामाला पाहिजे होतं म्हणून केलं."

शेवटचे वाक्य मी वहीत लिहून घेतले. मग त्याला विचारले की या कामात आजवर काय काय बिघडले. तांत्रिक गोष्टी मला फारशा कळत नाहीत. पण हा प्रश्न मी कोणत्याही व्यवसायातल्या माणसाला विचारतो, कारण ज्याने काम खरोखर केले आहे तो या प्रश्नावर बोलू लागला की थांबत नाही.

भाचा पाऊण तास बोलला. पहिल्या आठवड्यात मामाने मराठी कीबोर्डवरून वजन "५२" असे देवनागरीत भरले आणि बेरजेच्या जागी "एनएएन", म्हणजे "ही संख्या नाही" असे उमटले, कारण जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. तेव्हापासून ॲप आधी ते अंक बदलून घेते आणि मगच हिशेब करते. पुढे बाकीत पैशा-दोन पैशांचा फरक येऊ लागला. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण बहुतेक दशांश अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (० आणि १ च्या) पद्धतीत नेमके मावत नाहीत. त्याने वजन ग्रॅममध्ये आणि रक्कम पैशांत, पूर्णांकांत साठवायला सुरुवात केली. आणि तिसरी आपत्ती मोठी होती. काट्याजवळ नेटवर्क जेमतेम असल्याने तो सर्व नोंदी ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे त्या फोनमध्येच, ठेवत असे. एके दिवशी फोनची जागा भरली म्हणून कोणीतरी मामाला कुकीज आणि साइट डेटा पुसायला सांगितले, आणि अकरा दिवसांचा हिशेब गेला. त्या रात्री त्याने चाळीस शेतकऱ्यांना फोन करून त्यांच्या व्हॉट्सॲपवर गेलेल्या चिठ्ठ्या परत मागवल्या, त्यांवरून सर्व नोंदी पुन्हा भरल्या, आणि त्यानंतर नेटवर्क आले की नोंद सर्व्हरवर जाईल अशी व्यवस्था केली.

खळ्यावर, काट्यावर, गोठ्यात मुले जे करतात त्याला आमच्या भागात मदत म्हणतात, काम म्हणत नाहीत. भाच्याने शेतातली ही समजूत जशीच्या तशी लॅपटॉपपर्यंत आणली होती. शिवाय एका मुलाखतीत त्याने मामाच्या कापसाचा उल्लेख केला तेव्हा समोरचा माणूस हसला होता. ते हसणे कुचेष्टेचे होते की कुतूहलाचे, हे त्याला आजही सांगता येत नाही. पण त्यानंतर त्याने तो विषय कोठेही काढला नाही. पुढच्या भेटीत मी हे बापूंना सांगितले. जो अनुभव घडलेलाच नाही तो सत्तर हजारांना विकत घ्यायला निघालेल्या घरात दोन हंगामांचा घडलेला अनुभव कोणी मोजलाच नव्हता. बापू जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे मामाचंच कागदावर आणायचं?"

आणायचे, परंतु जसे आहे तसे. भाच्याने पहिल्या मसुद्यात स्वतःला "कृषी-तंत्रज्ञान कंपनीचा सल्लागार" करून टाकले होते. मी ते खोडायला लावले, कारण तो मध्यस्थाचाच कागद घरी शिवल्यासारखा होता. नोकरीच्या रकान्यात काहीही न लिहिता प्रकल्पांत सर्वांत वर इंग्रजीत जी नोंद आली तिचा मराठी आशय असा: "कापूस व्यापाऱ्यासाठी वजन-चिठ्ठी व उचल-हिशेबाचे वेब ॲप. दोन हंगाम वापरात, सुमारे ६० खाती. नेटवर्क नसताना नोंद होते, नंतर सर्व्हरवर जाते. देवनागरी अंक स्वीकारते." इंग्रजी कच्चे असल्याची त्याची तक्रार येथे आपोआप मागे पडली, सांगायला वस्तू असली की वाक्ये लहान होतात. हवामानाचे पान आणि ती नक्कल काढून टाकली.

पोर्टफोलिओसाठी मी माझ्या परिचयातील एका अनुभवी डेव्हलपरची मदत मागितली. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या, ज्या मला सुचल्या नसत्या. खऱ्या शेतकऱ्यांची नावे आणि उचलीच्या रकमा कोणालाही दिसता कामा नयेत, म्हणून दाखवण्याच्या प्रतीत सर्व खाती काल्पनिक करावीत, आणि त्याआधी मामाची परवानगी घ्यावी. दुसरे, कोड गिटहबवर (कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर) खुला करण्यापूर्वी जुना इतिहास पाहावा. डेटाबेसचा पासवर्ड एका जुन्या कमिटमध्ये, म्हणजे जतन केलेल्या बदलात, होता आणि आजच्या फाइलमधून पुसला तरी इतिहासात तो वाचता येतो. म्हणून पासवर्डच बदलला. मोफत सर्व्हर काही वेळ कोणी आले नाही तर झोपी जातो आणि पहिल्या पाहुण्याला मिनिटभर थांबावे लागते, हे लक्षात घेऊन रीडमीच्या, म्हणजे कोडसोबतच्या माहितीपानाच्या, आरंभीच एक मिनिटाचे चित्रण टाकले, ज्यात मोबाईलचे नेटवर्क बंद करून चिठ्ठी तयार होताना दिसते. त्याखाली बिघाडांच्या तिन्ही हकीकती भाच्याने स्वतः लिहिल्या. तो भाग मी दुरुस्त केला नाही.

या वेळी त्याने सरसकट अर्ज पाठवले नाहीत. हिशेब, साठा, वाहतूक असली कामे करणाऱ्या लहान कंपन्या निवडून आठवड्याला चार-पाच अर्ज केले आणि प्रत्येकात वरच्या दोन ओळी त्या कंपनीला धरून लिहिल्या. फेब्रुवारीपर्यंत तीन मुलाखती झाल्या. दोन ठिकाणी नकार आला. एके ठिकाणी रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या प्रश्नांत तो सरळ अडला, आणि ती उणीव रेझ्युमेने भरून निघणारी नव्हती. तिसरी मुलाखत नाशिकच्या एका छोट्या कंपनीची होती. तेथे अकरा दिवसांच्या हरवलेल्या हिशेबावरच पाऊण तास गेला. शेवटी त्यांनी विचारले की दोन फोनवर नेटवर्क नसताना एकाच खात्यात वेगवेगळ्या नोंदी झाल्या तर कोणती खरी धरणार. भाचा म्हणाला, "आमच्या काट्यावर फोन एकच आहे, म्हणून मी हा विचार केला नव्हता." त्यांनी तोच प्रश्न आठवडाभराचे काम म्हणून घरी दिला. आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) तो तेथे सहा महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून, बेताच्या विद्यावेतनावर रुजू झाला आणि पुढे त्यांनी त्याला कायम ठेवले.

परवा त्याने रेझ्युमेची नवी प्रत पाठवली, कोठे अर्ज करायचा म्हणून नव्हे, सहज. "दोन हंगाम" खोडून "तीन हंगाम" केले आहे. छंदांत क्रिकेट अजून आहे. मी सांगून थकलो.