वाचक विचारतात : रिकाम्या संगणकाचे दान

प्रश्न : माझा डेस्कटॉप दिवसभर सुरू असतो, पण त्यावर मी सकाळी वर्तमानपत्र वाचतो आणि रात्री मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलतो, एवढाच त्याचा उपयोग. उरलेला वेळ शास्त्रज्ञांना देता येतो, असे नातू म्हणतो. हे खरे आहे का? माझ्या माहितीला धोका आहे का आणि बिल किती वाढेल?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : नातू म्हणतो ते खरे आहे. उन्हाळ्यात वाड्यातल्या बायका एकत्र बसून पापड लाटत, तेव्हा एकीचा पापड दुसरीच्या पापडावाचून अडत नसे. ज्या गणिताचे असे सुटे तुकडे पडतात, ते हजारो घरांतल्या संगणकांना वाटून देता येते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १७ मे १९९९ रोजी ‘सेटी ॲट होम’ हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा पोर्तो रिकोतील अरेसिबो दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींचा अवघ्या १०७ सेकंदांचा एकेक तुकडा घरोघरच्या संगणकांकडे जात असे आणि त्यात परग्रहावरून आलेला संकेत आहे का, हे तो संगणक तपासत असे. संकेत सापडला नाही आणि मार्च २०२० अखेर नवे तुकडे पाठवणेही थांबले. मात्र तेथेच तयार झालेली ‘बॉइंक’ ही मोफत प्रणाली आजही अनेक संशोधन प्रकल्प वापरतात. आपल्यालाही तीच उतरवून घ्यावी लागेल, आणि ती केवळ तिच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी.

प्रकल्प निवडायचा झाल्यास मी ‘आइन्स्टाइन ॲट होम’चे नाव सुचवीन. २००५ पासून चालू असलेला हा प्रकल्प अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या नोंदींत वेगाने फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (म्हणजे मृत ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांच्या) गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशात उठणारे सूक्ष्म तरंग, शोधतो. त्याच लायगोची भारतीय वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात उभी राहणार असून केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या उभारणीला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.

माहितीच्या धोक्याविषयी सांगायचे, तर या प्रकल्पांना आपली छायाचित्रे किंवा बँकेची कागदपत्रे लागत नाहीत. आकडे येतात, हिशेब होतो, उत्तर परत जाते. तरीही परक्याचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालणार असतो, हे विसरू नये आणि ज्यामागे नामांकित विद्यापीठ किंवा संशोधन संस्था आहे, असाच प्रकल्प घ्यावा. प्रकल्पांचाही आपल्यावर आंधळा विश्वास नसतो: पुष्कळदा एकच तुकडा दोन निरनिराळ्या घरी पाठवून उत्तरे जुळतात का, ते पाहिले जाते.

आता बिलाकडे वळू, कारण ‘फुकट वाया जाणारी शक्ती’ हा शब्दप्रयोग येथे दिशाभूल करतो. पंचवीस वर्षांपूर्वीचा संगणक रिकामा बसला काय किंवा राबला काय, विजेच्या वापरात फारसा फरक पडत नसे. आजचा प्रोसेसर मात्र काम नसले की स्वतःहून मंदावतो आणि वीज वाचवतो. त्याला कामाला जुंपले की ती बचत संपते. या कामासाठी आपला डेस्कटॉप ६० वॅट जादा ओढतो आणि रोज आठ तास राबतो असे धरले, तर महिन्याला १४ ते १५ युनिट वाढतील. आपल्या बिलात युनिट वाढले की दरही वरच्या टप्प्यात जातो, हेही लक्षात घ्यावे. म्हणजे आपण दान देणार आहात ते विजेचे, संगणक केवळ निमित्त. ते जाणून देणार असाल, तर अवश्य द्यावे. परंतु वापर नसताना तो संगणक दिवसभर सुरू का असतो, हा प्रश्न मी आधी विचारीन.

प्रश्न : लॅपटॉप किंवा मोबाइल यासाठी चालेल का?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : चालेल, पण बेताने. बॉइंकच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचा अर्धाच भाग वापरावा आणि बॅटरीवर असताना काम थांबवावे, असे ठरवता येते; लॅपटॉपसाठी या दोन्ही गोष्टी कराव्यात आणि तो गादीवर ठेवून चालवू नये. अँड्रॉइड फोनवर मुळातच चार्जिंग सुरू असतानाच काम करण्याची आणि वाय-फायवरच तुकड्यांची देवाणघेवाण करण्याची व्यवस्था असते, ती बदलू नये. ऑक्सफर्डच्या हवामान प्रकल्पाचा एकेक तुकडा पुरा होण्यास कित्येक दिवस लागू शकतात. तो लॅपटॉपवर घेऊ नये.

प्रश्न : आमच्या कार्यालयात रात्री पंधरा संगणक रिकामे असतात. त्यांवर हे बसवू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : लेखी परवानगीवाचून मुळीच नाही. यंत्रही आपले नाही आणि वीजही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात एका महाविद्यालयाच्या तंत्रज्ञाने संस्थेच्या संगणकांवर असाच एक प्रोग्राम बसवला, तेव्हा त्याच्यावर फौजदारी खटला झाला आणि २००२ मध्ये तडजोड होऊन त्याचा तुरुंगवास टळला.

प्रश्न : याचा मोबदला मिळतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गुण मिळतात, रुपये नाहीत. यातून कमाईचे आमिष कोणी दाखवले, तर त्यापासून दूर राहावे. क्वचित नाव मात्र होते. २०१० मध्ये आइन्स्टाइन ॲट होमने अरेसिबोच्या नोंदींतून सेकंदाला सुमारे ४१ वेळा स्वतःभोवती फिरणारा एक पल्सार, म्हणजे रेडिओ लहरींचे नियमित ठोके देणारा न्यूट्रॉन तारा, शोधला. तो हेरणारे संगणक होते अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका दांपत्याचे आणि जर्मनीतील माइन्झच्या एका गृहस्थाचे, आणि शोधाच्या घोषणेत या तिघांची नावे होती.