ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स 'सील्ड' आहे, ऑइल बदलायची गरज नाही असं शोरूममध्ये सांगतात. 84,000 किमी झाले आहेत. बदलू का? आणि डिपस्टिकच नाही, तर ऑइलची पातळी बघायची कशी?

बदला. आणि 'लाइफटाइम ऑइल' हा शब्द पुन्हा कुणी तुमच्यासमोर काढला, तर त्याला विचारा, लाइफ कुणाचं? गाडीचं, गिअरबॉक्सचं की वॉरंटीचं?

एवढ्या तावाने लिहितोय कारण हाच प्रश्न माझ्या घरात चार वर्षं गाजतोय. मी कोल्हापूरचा, गाव साखरप्याच्या पुढे. महिन्यातून दोनदा तरी आंबा घाट उतरायचा आणि चढायचा. गाडी सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी) पेट्रोल. (गाडीचं नाव लिहीत नाही, लिहिलं की खाली कंपनीवरूनच भांडण सुरू होतं.) 70,000 ला मी सर्व्हिस सेंटरला गिअरबॉक्स ऑइलचं विचारलं. सल्लागाराने कॉम्प्युटरवरची नजरसुद्धा न काढता सांगितलं, "सर, सील्ड युनिट आहे, हात लावायचा नाही." सोबत दाजी होते, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी लगेच मान डोलावली. त्यांच्या एका मित्राने ऑइल बदललं आणि पंधरा दिवसांत गिअरबॉक्स गेला म्हणे. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला महागात पडलं असतं.

92,000 ला मलकापूर सोडल्यावर सरळ रस्त्यावर, साठच्या आसपास वेग, पाय ॲक्सिलरेटरवर अगदी हलका, आणि गाडी थरथरायला लागली. रस्त्यावर रंबलर असल्यासारखी. पाय जरा दाबला की बंद, हलका केला की पुन्हा सुरू. आधी वाटलं टायर, मग व्हील बॅलन्सिंग करून झालं, स्पार्क प्लग बदलून झाले. त्याच सर्व्हिस सेंटरला परत नेली तेव्हा गिअरबॉक्स असेंब्ली बदलायचं एस्टिमेट हातात आलं, साडेतीन लाख. ज्याला हात लावायचा नव्हता तो आता अख्खाच काढून टाकायचा!

मग शिवाजी उद्यमनगरमध्ये एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझ्या शेजारी बसून चक्कर मारली आणि पाच मिनिटांत सांगितलं, लॉक-अपला (टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला क्लच इंजिनला थेट जोडतो तेव्हा) थरथरते आहे, आधी ऑइल बघू. आणि म्हणाले, "गाडी रात्री इथंच लावून जावा, सकाळी सहाला या." एप्रिल महिना होता. सहाच का, ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर सपाट घेतली आणि सगळ्यात आधी ऑइल भरायचा वरचा बोल्ट सोडवून बघितला. खालचा नाही, वरचा. खालून सगळं ऑइल सोडून दिलं आणि मग वरचा बोल्ट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी लिफ्टवरच राहते. नंतर खालचा बोल्ट काढला, तर जेमतेम वाटीभर ऑइल आलं. माझ्या गाडीत त्या भोकाच्या आत प्लॅस्टिकची एक उभी नळी असते, तीच पातळीची खूण. ती ॲलन कीने सोडवल्यावर खरं ऑइल आलं. काळं, जळकट वासाचं. चेंबर (गिअरबॉक्सच्या खालचं ऑइलचं भांडं) उतरवल्यावर आतल्या चुंबकांवर करड्या रंगाचा लगदा बसलेला, बोटाला लावला तर काजळासारखा मऊ. मिस्त्रींनी तो बोटांत चोळून चोळून बघितला. लगदा चालतो, बारीक कचकच चालत नाही, आणि पत्र्याचे कण दिसले तर ऑइल घालण्यात अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं. माझ्यात कचकच नव्हती. मोजपात्रात 3.2 लिटर भरलं.

फिल्टर आणि गॅस्केट नवीन, नळी बसवली, आणि तेवढंच नवीन ऑइल भरलं. इंजिन चालू, ब्रेकवर पाय, आणि लिव्हर प्रत्येक जागी थोडा वेळ थांबवत पार्कपासून ड्राइव्हपर्यंत आणि परत. स्कॅनरवर ऑइलचं तापमान 31, 33, 36. माझ्या गिअरबॉक्ससाठी पातळी 35 ते 45 अंशांच्या मधेच बघायची असते. 38 ला, इंजिन चालू असतानाच, खालचा बोल्ट काढला. नळीतून आधी धार आली, मग धार बारीक होत गेली, मग थेंब थेंब. थेंबावर आल्यावर नवीन वॉशर घालून बोल्ट बंद. बस, हीच तुमची डिपस्टिक. काहीच बाहेर आलं नाही, तर ऑइल कमी आहे, वरून आणखी घालायचं.

ऑइल तापलं की फुगतं. गार असताना नळीपर्यंत भरलं तर गरम झाल्यावर जास्त होतं, फिरणारे भाग ते घुसळतात, फेस येतो आणि फेसाला प्रेशर धरत नाही. खूप गरम असताना मोजलं तर कमी भरलं जातं, आणि घाटातल्या वळणावर पंप हवा ओढतो. एप्रिलच्या दुपारी कोल्हापुरात हवाच 37-38 असते, चालवत आणलेली गाडी तर कधीच 45 च्या वर गेलेली. म्हणून सकाळी सहा. जो मिस्त्री तापमान न बघता "एवढं काढलं, एवढं घातलं" म्हणून गाडी खाली उतरवतो, त्याच्याकडे जाऊ नका.

एका वेळेला सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं. एकूण साधारण 7 लिटर, त्यातलं 3 च्या आसपास निघतं. एकदा केलं की नवीन 43 टक्के, दुसऱ्यांदा 67, तिसऱ्यांदा 81. मी हजार-हजार किलोमीटरवर तीनदा केलं. पहिल्यांदा थरथर निम्मी झाली, दुसऱ्यांदा गेली. तिन्ही वेळचं ऑइल, फिल्टर, मजुरी मिळून ₹16,000 च्या आत. आज गाडी 1,41,000 वर आहे, घाटात कुठेही अडत नाही.

आता दाजींचा मित्र. त्याच्या गाडीत आधीच रेस दिल्यावर इंजिन ओरडायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही. म्हणजे क्लच प्लेटी संपलेल्या होत्या. मरायला टेकलेल्या माणसाला शेवटी डॉक्टरकडे नेलं, म्हणून डॉक्टरने मारला असं होत नाही. संपलेली प्लेट नवीन ऑइलने परत उगवत नाही, पण वेळेवर बदललं तर प्लेट संपायला वेळ लागतो. आणि हे एकटा मी म्हणत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते, आणि तीच 80,000 ते 1,20,000 किमी किंवा 8 वर्षांनी ऑइल बदला म्हणून सांगते. त्याच गिअरबॉक्सच्या गाड्या विकणारे मात्र 'लाइफटाइम' म्हणत आले. सील्ड म्हणजे डिपस्टिक काढून टाकली, एवढंच. आतलं ऑइल तापतं, झिजतं, काळं पडतं, बाकी गिअरबॉक्ससारखंच.

काही गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गिअरबॉक्सचं. सीव्हीटी (गिअरचे टप्पे नसलेला, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) असेल तर तिचं ऑइल पूर्ण वेगळं, त्यात साधं एटीएफ, म्हणजे नेहमीचं ऑटोमॅटिकचं ऑइल, घातलं तर वाट लागेल. ड्युअल क्लचचं गणित निराळं. एएमटी तर मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे, फक्त क्लच आणि गिअर गाडी स्वतः टाकते. ऑइल मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच, टोयोटाचं डब्ल्यूएस असेल तर डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-फोर असेल तर एसपी-फोर. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेला डबा मी घेत नाही. तापमानाचा आकडा तुमच्या गिअरबॉक्सचा वेगळा असू शकतो, तो आधी शोधा. मशीन लावून फ्लशिंग (दाबाने सगळं जुनं ऑइल बाहेर ढकलणं) जुन्या गाडीला नको. वॉरंटी चालू असेल तर बाहेर उघडू नका, सर्व्हिस सेंटरलाच लेखी मागा. आणि घरी जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका, गाडी सपाट नसेल तर पातळी चुकते आणि जिवाशी खेळ तो वेगळाच.

तुमच्या गाडीत झटके, थरथर काहीच नसेल तर उत्तमच, हीच बदलायची वेळ.

दाजी, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. दिवाळीत तुमची गाडी मी चालवली तेव्हा तिसऱ्यावरून चौथ्यात जाताना झटका होता, आणि 1,10,000 होऊन गेलेत. मिस्त्रींचा नंबर ताईकडे दिलाय. गाडी आदल्या रात्री लावा.