बी.फार्म. झालंय, मग कम्युनिटी कॉलेज कशाला?

"ताई, मी कम्युनिटी कॉलेजात (इथल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) विषय केले तर फार्मसी स्कूलवाले अर्ज बाजूला टाकतील ना?"

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहणारी, मूळची साताऱ्याची ही मुलगी. पुण्यातून बी.फार्म., डिस्टिंक्शन, काही काळ औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) नोकरी, मग लग्न आणि एच-४, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर इकडे. आता तिला इथे फार्मासिस्ट व्हायचंय. कॉलेजच्या नावापेक्षा तिला वेगळंच टोचत होतं: एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी बसून पुन्हा जनरल केमिस्ट्री! सासूबाईंनी फोनवर विचारलंच होतं, "अगं, शिकलीस ना एकदा?"

तर पुन्हा का शिकायचं, आधी तेच स्पष्ट केलं. इथल्या लायसन्सच्या वाटेवर परदेशी फार्मसी पदवीधरांसाठी एफपीजीईई ही परीक्षा आहे, पण १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांचा फार्मसी अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. (भारतातलं सहा वर्षांचं फार्म.डी. केलेल्यांचं गणित वेगळं.) म्हणजे उरलं इथलं फार्म.डी., म्हणजे फार्मासिस्ट होण्याची पदवी, आणि प्रवेशाआधी पूर्ण करायचे प्रीरिक्विझिट विषय.

कम्युनिटी कॉलेजातले क्रेडिट बहुतेक फार्मसी स्कूल्स घेतात. इथल्या रहिवाशाला फी युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे पाच युनिटची केमिस्ट्री २३० डॉलरला, पुस्तकं वेगळी. नवऱ्याचा आग्रह होता की 'नावाच्या' युनिव्हर्सिटीत एक्स्टेन्शनचे, म्हणजे बाहेरच्यांसाठीचे सुटे वर्ग लाव. त्या नावासाठी कितीतरी पट पैसे मोजावेत असं मला वाटत नाही. मात्र कुठला विषय कुठे चालतो, हे प्रत्येक स्कूलचं निराळं असतं. कुणी ऑनलाइन लॅब मान्य करत नाही, कुणाला बायोकेमिस्ट्री वरच्या वर्गाचीच हवी असते आणि ती कम्युनिटी कॉलेजात सहसा मिळत नाही, कुणी जुने सायन्स विषय ठरावीक वर्षांनंतर धरत नाही.

तिचा बेत होता सगळं एका वर्षात उरकायचा. जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग, मग ऑरगॅनिकचे दोन. एक पास झाल्याशिवाय पुढचा मिळत नाही. साखळीच चार सेमिस्टरची. म्हणून वर्गात नाव घालण्याआधी तिला बी.फार्म.च्या मार्कशीटचं विषयवार मूल्यांकन करून घ्यायला लावलं, आणि तिच्या यादीतल्या प्रत्येक स्कूलच्या ॲडमिशन ऑफिसला ईमेल. फोन नको, उत्तर लेखी हवं. दोन स्कूल्सनी भारतातली केमिस्ट्री मान्य केली, पण इंग्लिश कॉम्पोझिशन आणि पब्लिक स्पीकिंग अमेरिकेतच केलेलं हवं म्हणाले. एकाने केमिस्ट्रीसुद्धा इथलीच मागितली. ते स्कूल तिने यादीतून काढलं. मलाही ते पटलं.

एक गोष्ट मात्र मी दोनदा बजावली. फार्मकॅस, म्हणजे अर्जाची सामाईक व्यवस्था, प्रत्येक कॉलेजची ट्रान्सक्रिप्ट मागते. विषय पुन्हा केला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, सरासरीत दोन्ही धरले जातात. त्यामुळे पहिल्याच सेमिस्टरला चार सायन्स विषय घेऊन 'सी' पाडून घेण्यापेक्षा स्टॅटिस्टिक्स आणि पब्लिक स्पीकिंगने सुरुवात बरी. पीकॅटची, म्हणजे फार्मसीच्या प्रवेश परीक्षेची भीतीही तिने सोडून द्यावी. ती परीक्षा जानेवारी २०२४ मध्येच बंद झाली.

गेल्या दशकभरात फार्मसीला येणारे अर्ज घटलेत, त्यामुळे प्रवेश मिळणं पूर्वीइतकं कठीण नाही. मला उलट त्याचीच काळजी वाटते. प्रवेश देणाऱ्या पहिल्या स्कूलला हो म्हणून मोठं कर्ज डोक्यावर घेण्याआधी त्या स्कूलचा नॅप्लेक्समध्ये, म्हणजे फार्मासिस्टच्या लायसन्स परीक्षेत, पहिल्या प्रयत्नात पास होण्याचा टक्का बघावा. तो स्कूलनिहाय जाहीर होतो.

आता तिची मायक्रोबायोलॉजी चालू आहे, लॅब प्रत्यक्ष. पुढच्या वर्षीच्या अर्जाला सायन्सच्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागेल, म्हणून दर आठवड्याला ती त्यांच्या ऑफिस अवर्सना जाऊन बसते. वर्ग लहान आहे, त्यांना ती नावाने माहीत झालीये.