बीलाइन म्हणजे दर्शनबारी नव्हे

प्रश्न : नवरात्रात एका इंग्रजी पेपरात ‘डिव्होटीज मेक अ बीलाइन फॉर तुळजापूर’ असा मथळा होता. मी अर्थ लावला, भाविकांची रांग लागली. मुलगा म्हणतो, चूक. खरं काय? आणि हे वाक्यात वापरायचं कसं?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : मुलाचं बरोबर आहे. तुम्हाला ‘लाइन’नं चकवलं. ही लाइन माणसांची नाही, मधमाशीच्या वाटेची. फुलं हुडकताना माशी इकडून तिकडं भटकते, पण मकरंद भरून घेतला की पोळ्याकडे सरळ रेघेत सुटते, अशी जुनी समजूत. अमेरिकेत रानातलं मोहोळ शोधणारे तिचाच उपयोग करत. माशीला साखरपाणी पाजायचं, सोडायचं, ती कोणत्या दिशेला उडाली ते बघायचं. मग बाजूला सरकून दुसऱ्या जागेवरून पुन्हा तेच. दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतील, तिथं मोहोळ. शब्दही तिकडचाच, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला.

म्हणून अर्थ : मध्ये कुठंही न रेंगाळता, ओढीनं किंवा निकडीनं तडक जाणे. लग्नात पोरं मांडवात शिरल्या शिरल्या आइस्क्रीमचं टेबल गाठतात ना? ‘द चिल्ड्रन मेड अ बीलाइन फॉर दि आइस्क्रीम.’ पोरं पन्नास असली तरी ‘अ बीलाइन’च, अनेकवचन नाही. काळाप्रमाणे बदलतं ते फक्त ‘मेक’. ‘गो अ बीलाइन’ चूक. पुढं ‘फॉर’ लावा. आपल्याकडच्या पेपरांत ‘टू’ही दिसतं, परीक्षेत नको. आणि ‘स्ट्रेट बीलाइन’ म्हणजे पिवळा पीतांबर.

तुमच्या गोंधळात पेपरांचाही वाटा आहे. दहावीनंतर पोरं शिकवणीसाठी लातूर गाठतात किंवा भाविक तुळजापूरला लोटतात, तेव्हा आपले बातमीदार सर्रास ‘बीलाइन’ लिहितात. गर्दीचा अर्थ संदर्भातून येतो, शब्दातून नाही. ‘देअर वॉज अ लाँग बीलाइन अ‍ॅट द टेंपल’ हे मात्र साफ चुकीचं. तिथं ‘क्यू’ म्हणा.

मराठीत आणायचं तर ‘मोर्चा वळवणे’ चपखल बसतं : पोरांनी आइस्क्रीमकडे मोर्चा वळवला. ‘नाकासमोर चालणे’ घेऊ नका, तो स्वभाव झाला. ‘अ‍ॅज द क्रो फ्लाइज’ही वेगळं. त्यात कुणी कुठं जात नाही, रस्त्याची वळणं सोडून दोन गावांमधलं सरळ अंतर तेवढं सांगितलं जातं.