चित्रं बघून ठोकून देतो

प्रश्न : बाई, माझा मुलगा दुसरीत आहे. चित्रांची पुस्तकं हौसेनं काढून बसतो, पण अक्षरांकडे ढुंकून बघत नाही, मनानंच ठोकून देतो. पुस्तकात ‘मांजर दूध प्यायलं’ एवढंच आहे. हा वाचतो, ‘मांजरानं चोरून दूध ढोसलं, आता आजी येणार!’ सासूबाई म्हणतात, चित्रांची पुस्तकं उचलून ठेव, म्हणजे झक्कत वाचेल. ठेवू का?
– एक आई, चिपळूण

उत्तर : मुळीच नको. आधी ते पान तुम्ही नीट बघा. दाराच्या फटीत कुठे आजीच्या लुगड्याचा काठ दिसतोय का? दिसला, तर पोरगा ठोकून देत नाहीये, वाचतोय. चांगल्या चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रातच असते. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं बघा; लिहितात त्याच आणि चित्रंही त्याच काढतात. त्यांच्या ‘चित्रवाचन’मध्ये तर चित्रांवर नुसत्या गप्पाच मारायच्या.

मी ३२ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. एका वर्षी एक मुलगी होती, दिवाळीपर्यंत वर्गात तोंड म्हणून उघडलं नाही तिनं. एकदा आठवडी बाजाराचं चित्र मांडून बसलो होतो. ती पुढे सरकली, तराजूवर बोट ठेवून म्हणाली, “बाई, ही काटा मारतीय.” पारड्याखाली भाजीवालीची करंगळी होती! चार वर्षं मी ते चित्र दाखवत होते, मला कधी दिसली नव्हती. चित्रकारानं मुद्दाम काढली की चुकून, देव जाणे. मुलीची आई बाजारात वांगी-टोमॅटो विकायची. त्या दिवशी पोरगी तासभर बोलली.

सासूबाईंचंही अगदीच चूक नाही हं. दुसरीत अक्षरं यायलाच हवीत. पण ते काम वेगळं. रोज दहा मिनिटं पाटी घ्या आणि त्याचंच वाक्य लिहा : ‘आता आजी येणार.’ एकही जोडाक्षर नाही, आणि स्वतःचं वाक्य वाचायला कुणालाही आवडतं. गोष्टीच्या वेळी मात्र “हे काय लिहिलंय, वाच बघू” नको. तेव्हा तुम्ही वाचा, त्याला बघू दे.

विकत घेताना एक बघा. ‘झाडावर पोपट बसला’ आणि चित्रातही झाडावर पोपट, बाकी काही नाही, असलं पुस्तक मी परत फडताळात ठेवते. पैसे मोजायचे नसतील तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं ‘स्टोरीवीवर’ हे संकेतस्थळ २०१५पासून आहे, मराठी गोष्टीही फुकट आहेत. वाचनाच्या पहिल्या-दुसऱ्या पातळीच्या घ्या. फक्त मोबाइलवर दाखवू नका, चित्र एवढंसं होतं, करंगळी काय दिसणार? छापून घ्यायलाही हरकत नसते. आणि पुस्तकं फाटतात म्हणून वर ठेवू नका. आमच्या शाळेत नवीकोरी पुस्तकं कपाटात कुलूपबंद असायची, शेवटी वाळवीनं वाचली.

पुढच्या पानावर आजी आली का, तेवढं मात्र कळवा.